म्हातारा लोडर आणि एका क्लचप्लेटचा शोध

जुन्या यंत्राचा पार्ट स्वस्तात मिळवायचा असेल तर खिशाआधी डोकं चालवावं लागतं. अमेरिकेतल्या शेडमधल्या एका छोट्या लोडरपासून कुर्ल्याच्या भंगार बाजारापर्यंत हा नियम सगळीकडे सारखाच!

तुमच्या हातातला फोन आणखी पाच वर्षांनी चालू असेल? छातीठोकपणे 'हो' म्हणणारे फार थोडे निघतील. पन्नास वर्षांची तर बातच सोडा. पण अमेरिकेच्या मिनेसोटा, नॉर्थ डकोटा या थंडगार राज्यांत शेतांवर असे छोटे लोडर अजून सापडतात, जे आपल्या आई-बाबांच्या जन्माच्या आसपास कारखान्यातून बाहेर पडले. गोठ्यातलं शेण काढणं, दारातला बर्फ बाजूला करणं ही त्यांची रोजची ड्युटी. मग एके दिवशी लिव्हर पुढे ढकलला जातो, इंजिन ओरडतं, पण चाकं जागची हलत नाहीत. निदान एका वाक्यात होतं: क्लच गेला.

आता करायचं काय? नवीन यंत्र घ्यायचं तर शेतकऱ्याचं कंबरडं मोडेल. भंगारात काढायचं तर इंजिन ठणठणीत, सांगाडा ठणठणीत, सगळं अडलंय ते मूठभर प्लेट्सवर. आणि त्या प्लेट्स इतक्या जुन्या मॉडेलच्या की शोरूमच्या काउंटरवरचा मुलगा मॉडेलचं नाव पहिल्यांदाच ऐकतोय. इथून जो शोध सुरू होतो, तो कुठल्याही इंजिनिअरिंगच्या सेमिस्टरपेक्षा जास्त शिकवतो.

टर्कींच्या शेडमधून जगभर

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. खोदणारं प्रत्येक यंत्र आपल्यासाठी 'जेसीबी' असतं, तसा हा छोटा लोडर आपल्याकडे सरसकट 'बॉबकॅट' म्हणून ओळखला जातो. बांधकामाच्या साइटवर, अरुंद गल्लीत, नाल्याच्या काठी तुम्ही तो पाहिला असेल. जागच्या जागी गर्रकन फिरतो तोच. त्याचं कुळाचं नाव स्किड स्टीअर लोडर.

त्याची जन्मकथा भन्नाट आहे. १९५६ मध्ये मिनेसोटातल्या रॉथसे गावाजवळ लुईस आणि सिरिल केलर हे दोघे भाऊ वेल्डिंग आणि दुरुस्तीचं दुकान चालवायचे. एडी वेलो नावाचा टर्की पाळणारा शेतकरी त्यांच्याकडे अडचण घेऊन आला. त्याची शेड दुमजली आणि आत खांबच खांब. टर्कींची घाण काढायला ट्रॅक्टर आत वळत नाही आणि वरच्या मजल्यावर जड यंत्र चढवता येत नाही. केलर बंधूंनी त्याच्यासाठी तीन चाकांचा छोटासा लोडर बनवला. पुढे ताकद देणारी दोन चाकं आणि मागे ऑफिसच्या खुर्चीला असतं तसं फिरतं एक चाक. फेब्रुवारी १९५७ मध्ये तो वेलोच्या ताब्यात गेला.

पहिल्या यंत्रात पट्टे आणि पुल्यांची रचना होती. कष्टाच्या कामात ती टिकेना, म्हणून भावांनी क्लचवर चालणारी नवी रचना शोधली. १९५८ मध्ये नॉर्थ डकोटातल्या ग्विनर गावच्या मेलरो कंपनीने हा लोडर बनवण्याचे हक्क घेतले. १९६० मध्ये मागच्या एका चाकाच्या जागी पूर्ण अ‍ॅक्सल आला आणि चार चाकांचा एम-४०० तयार झाला. खऱ्या अर्थाने पहिला स्किड स्टीअर लोडर म्हणतात तो हाच. १९६२ पासून यंत्रावर 'बॉबकॅट' हे नाव आलं. केलर बंधूंना अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं ते थेट २०२३ मध्ये!

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. हे यंत्र कुठल्या चकाचक लॅबमध्ये नाही, गावच्या दुरुस्तीच्या दुकानात जन्माला आलं. म्हणूनच ते गावच्या दुकानात दुरुस्तही होऊ शकतं.

चार क्लच कशाला?

बाइकला एक क्लच पुरतो. मग या लोडरला चार का? कारण त्याची चाकं वळतच नाहीत. गाडीची पुढची चाकं स्टीअरिंगबरोबर डावी-उजवी होतात, तसं इथे काहीच नाही. डाव्या बाजूची दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि उजव्या बाजूची दोन्ही एकत्र. डावी बाजू पुढे आणि उजवी मागे चालवली की यंत्र रणगाड्यासारखं जागेवर फिरतं. टायर जमिनीवर घसटत जातात, म्हणून नावात 'स्किड'.

जुन्या क्लचवाल्या लोडरमध्ये हे काम असं चालतं. प्रत्येक बाजूला दोन क्लच असतात, एक पुढे जायला आणि एक मागे. ड्रायव्हरच्या दोन हातांत दोन लिव्हर. डावा लिव्हर पुढे ढकलला की डाव्या बाजूचा पुढचा क्लच पकडतो आणि मागे ओढला की मागचा. क्लचपासून चाकापर्यंत ताकद नेतात त्या जाडजूड साखळ्या. सत्तरच्या दशकातल्या एम-६१० सारख्या मॉडेलमध्ये इंजिनाकडून येणारी ताकद पट्ट्यावरून येते आणि पुलीचा व्यास कमी-जास्त करून वेग बदलता येतो. ओळखीचं वाटलं ना? आपल्या गिअरलेस स्कूटरमध्ये हाच प्रकार असतो. थोडक्यात, स्कूटरचा पट्टा आणि बाइकच्या क्लचप्लेट्स एकाच सांगाड्यात बसवल्या की या यंत्राचा आत्मा कळतो.

आता झीज कुठे होते पाहा. बाइकचा क्लच गिअर बदलताना सेकंदभर घसरतो. इथे मात्र प्रत्येक वळणाला, प्रत्येक वेळी पुढे-मागे होताना क्लच घसरतो आणि पकडतो. दिवसभरात शेकडो वेळा. मग घर्षणाचा थर झिजणारच.

पुढे आलेल्या हायड्रोस्टॅटिक लोडरमध्ये क्लचऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे पंप आणि मोटर आले. ते चालवायला मऊ, हाताला आरामाचे. आज आपल्याकडे साइटवर दिसतात ते बहुतेक याच पिढीतले. पण तिथे पंप गेला तर खर्च चांगलाच जड जातो. क्लचवालं यंत्र वारंवार थोडं थोडं मागतं आणि हायड्रोस्टॅटिक क्वचित मागतं पण एकदम मोठं मागतं. कमी पैशांत यंत्र राखणाऱ्या माणसाला पहिला प्रकार परवडतो. अट एकच, पार्ट मिळायला हवेत!

आधी निदान, मग दुकान

पार्ट महाग पडण्याचं पहिलं कारण म्हणजे चुकीचा पार्ट विकत घेणं. म्हणून जुने मेकॅनिक आधी कागद-पेन घेतात. चार चौकोन काढतात: डावा पुढे, डावा मागे, उजवा पुढे, उजवा मागे. मग मोकळ्या जागेत प्रत्येक हालचाल करून बघतात.

एकच चौकोन कमजोर निघाला, म्हणजे डावी बाजू मागे नीट जाते पण पुढे घसरते, तर संशय त्या एका क्लचवर. डावी बाजू पुढेही मरगळलेली आणि मागेही, तर दोन क्लच एकाच दिवशी गेले असण्यापेक्षा त्या बाजूची साखळी किंवा लिव्हरची जोडणी बघणं शहाणपणाचं. आणि चारही चौकोन कमजोर असतील? मग बहुधा क्लचचा दोषच नाही. सगळ्यांना ताकद पुरवणारा पट्टा ढिला झालेला किंवा झिजलेला असू शकतो. पट्टा बदलणं हे क्लच खोलण्याच्या मानाने किरकोळ काम!

एवढं झाल्यावर अ‍ॅडजस्टमेंट. प्लेट थोडी झिजली की लिव्हरची चाल बदलते आणि क्लच पूर्ण दाबला जात नाही. बाइकची क्लच केबल आपण ताणून घेतो, तसं इथेही मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने जोडणी ताणता येते. कित्येकदा काम तिथेच होतं आणि खर्च होतो तो फक्त एका दुपारचा. त्यामुळे या सगळ्या प्रवासातली पहिली खरेदी असते जुन्या सर्व्हिस मॅन्युअलची. त्यात मापं असतात, झीज किती झाल्यावर प्लेट बदलायची ते असतं आणि पार्टचे नंबर असतात.

नंबर बोलतात

"जुन्या बॉबकॅटची क्लचप्लेट द्या" असं म्हणून काहीही मिळत नाही. काउंटरवर चालतो तो नंबर. एकाच मॉडेलमध्ये कंपनी मध्येच रचना बदलते, त्यामुळे अमुक सिरीयल नंबरपर्यंत एक प्लेट आणि त्यानंतर दुसरी असा प्रकार सर्रास असतो. म्हणून मॉडेल नंबर अर्धी माहिती आणि सिरीयल नंबर पूर्ण. शिवाय कंपन्या पार्टचे नंबरही बदलतात. जुना नंबर 'बंद' दाखवला तरी त्याच वस्तूला नवा नंबर मिळालेला असू शकतो. "याला बदली नंबर आहे का?" हा एक प्रश्न विचारला नाही म्हणून अनेक यंत्रं उगाच भंगारात जातात.

त्याहून मोठी गंमत पुढे आहे. क्लच खोलला की दिसतं, आतल्या सगळ्याच वस्तू त्या कंपनीच्या 'खास' नसतात. बेअरिंग, ऑइल सील, साखळी हा बराचसा माल जगभर ठरलेल्या मापांत बनतो. बेअरिंगवर ६२०५ असा आकडा कोरलेला दिसला तर शेवटच्या ०५ ला पाचने गुणा. आतला व्यास २५ मिलिमीटर! बाहेरचा ५२, जाडी १५. हेच बेअरिंग पंख्याच्या कारखान्यात, पंपात, कुठेही सापडेल. साखळीवर ८० लिहिलं असेल तर शून्याआधीचा आकडा इंचाच्या आठव्या भागात मोजायचा: आठ अष्टमांश, म्हणजे एका कडीपासून दुसरीपर्यंत एक इंच. ६० असेल तर पाऊण इंच. सीलवर आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी छापलेली असते.

अशी वस्तू कंपनीच्या डब्यात घेतली तर डब्याचेही पैसे द्यावे लागतात. तीच वस्तू बेअरिंगच्या दुकानात आकडा सांगून घेतली तर बरीच स्वस्त पडते. आकडा मात्र पूर्ण वाचायचा, सीलबंद आहे की उघडं, तापमान किती सोसतं हेही जुळवायचं. मग खास कंपनीचं असं उरतं काय? घर्षणाच्या प्लेट्स आणि त्यांना धरणारे दोन-चार भाग. शोधाचा परीघ एकदम आवळला जातो. सगळा क्लच शोधण्यापेक्षा दोन प्लेट्स शोधणं केव्हाही सोपं.

प्लेट मिळवायचे चार रस्ते

पहिला रस्ता अधिकृत डीलरचा. महाग असतो म्हणून लोक तो वगळतात, पण सुरुवात तिथूनच करावी. नेमका नंबर तिथे कळतो आणि कधीकधी वर्षानुवर्षं पडून राहिलेला जुना स्टॉक निघतो.

दुसरा रस्ता आफ्टरमार्केटचा. मूळ कंपनीने नव्हे तर दुसऱ्याच कारखान्याने त्याच मापात बनवलेले पार्ट. यात दर्जेदार माल असतो आणि कचराही. घ्यायच्या आधी बाहेरचा व्यास, आतले दाते किती, जाडी किती हे जुन्या प्लेटशी ताडून पाहायचं. जाडीत थोडाही फरक पडला तर क्लच एकतर पकडत नाही किंवा सुटत नाही. परत घेण्याची अट काय, तेही आधीच विचारायचं.

तिसरा रस्ता भंगार यार्डाचा. अमेरिकेत जुन्या शेतीयंत्रांची मोठमोठी यार्ड आहेत, जिथे बंद पडलेली यंत्रं सुटी करून विकतात. काही शेतकरी तर लिलावात त्याच मॉडेलचं आणखी एक मेलेलं यंत्र उचलतात, फक्त पार्टसाठी. कधीकधी एका क्लचसेटपेक्षा ते अख्खं यंत्र स्वस्त पडतं आणि वर हब, शाफ्ट, लिव्हर, सगळाच साठा घरात येतो. मात्र यार्डातून घर्षणाची प्लेट घेण्यात अर्थ नसतो, ती आपल्याइतकीच झिजलेली असणार. यार्डातून न्यायचे ते न झिजणारे पोलादी भाग.

चौथा रस्ता सर्वांत दुर्लक्षित आणि बरेचदा सर्वांत फायद्याचा: जुन्याच प्लेटवर नवीन लायनिंग बसवून घेणं. प्लेटचा पोलादी गाभा सरळ असेल, दाते शाबूत असतील तर झिजतो तो फक्त वरचा थर. क्लच आणि ब्रेकचं लायनिंग करणाऱ्या वर्कशॉपमध्ये तो काढून नवा थर चिकटवतात किंवा रिव्हेट मारून बसवतात. जगात कुठेही पार्ट मिळत नसेल तेव्हा हा रस्ता उघडा असतो. म्हणूनच जुनी प्लेट कधीही फेकायची नाही!

स्वस्त पडलं, पण किती वेळा?

पार्टची किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. क्लचपर्यंत पोहोचायला जे खोलावं लागतं त्याची मजुरी आणि बंद यंत्राचे वाया गेलेले दिवस हे दुसरे दोन. त्यामुळे एवढं खोललंच आहे तर पन्नास रुपयांच्या सीलसाठी कंजुषी करणं परवडत नाही. प्लेट बदलली, सील जुनंच ठेवलं, त्यातून तेल गळून नव्या प्लेटवर आलं की पुन्हा पहिल्यापासून सगळं. शिवाय तेल का गळलं, क्लच का जळला हे मूळ कारण शोधलं नाही तर नवा पार्टही त्याच वाटेने जातो.

दोन ठिकाणी मात्र बचत करायचीच नाही. एक, या लोडरचे पुढचे हात वर उचलले असतील तर त्यांना कंपनीचा आधाराचा टेकू लावल्याशिवाय खाली जायचं नाही. असे हात अचानक खाली येऊन माणसं गेली आहेत. दोन, जुन्या क्लच लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपने उडवायची नाही. ओल्या फडक्याने पुसायची, तोंडावर योग्य मास्क हवा. फुप्फुसांचा स्पेअर पार्ट कुठल्याच यार्डात मिळत नाही.

आपल्या गावात हेच

क्लचवाला जुना लोडर आपल्याकडे क्वचितच दिसेल, पण हा शोध आपल्याला नवा नाही. एचएमटीचा ट्रॅक्टर आठवतो? १९७१ पासून हरियाणातल्या पिंजोरला झेटोरच्या तंत्रज्ञानावर बनू लागलेला. २०१६ मध्ये सरकारने तो कारखाना बंद करायचा निर्णय घेतला, पण ट्रॅक्टर काही त्या दिवशी शेतात थांबले नाहीत. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी येझदीचा आवाज आपल्या रस्त्यांवरून गेला नाही. २०२२ मध्ये नव्या रूपात येझदी परत येईपर्यंत मधली पंचवीस वर्षं जुन्या गाड्या कोणी जगवल्या? कारखान्याने नव्हे. छोट्या पार्ट बनवणाऱ्यांनी, कोपऱ्यावरच्या लेथवाल्यांनी आणि कुर्ल्याचा भंगार बाजार, पुण्याचा जुना बाजार अशा ठिकाणी तास न् तास उकरणाऱ्या माणसांनी.

तिथेही भाषा तीच असते. नमुना हातात असेल, मापं पाठ असतील तर दुकानदार तुमच्याशी सरळ बोलतो. नुसतं "काका, क्लचचं सामान आहे का?" विचारलं तर भाव वेगळा लागतो.

हक्काचं काय?

आता यात खरा प्रश्न येतो. पन्नास वर्षं जुना लोडर आज दुरुस्त होतो, कारण त्यातली प्रत्येक वस्तू मोजता येते. व्हर्निअर हातात धरली की प्लेट आपलं माप सांगते. नवीन यंत्रांचं तसं नाही. तिथे पार्ट बसवला तरी सॉफ्टवेअरने तो ओळखला पाहिजे, आणि ते सॉफ्टवेअर कंपनीच्याच हातात. मग पार्ट स्वस्तात मिळूनही उपयोग काय?

म्हणूनच जगभर 'राइट टू रिपेअर', म्हणजे दुरुस्तीच्या हक्काची मागणी सुरू आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रांसाठी असा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. मिनेसोटानेही २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी दुरुस्तीचा कायदा केला, पण त्यातून शेतीयंत्रं वगळली! ज्या राज्यातल्या दुरुस्तीच्या दुकानाने जगाला हा लोडर दिला, तिथेच ही गत. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये या विषयावर समिती नेमली. शेतीची उपकरणं, मोबाइल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं ही चार क्षेत्रं तिने निवडली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी पोर्टलही सुरू झालं. पोर्टल आणि कायदा यांत मात्र अंतर आहे. कंपनीला मॅन्युअल, पार्ट आणि सॉफ्टवेअर द्यायला भाग पाडणारा स्वतंत्र कायदा असेल तरच गावातल्या मेकॅनिकच्या हातात काही येईल.

तोपर्यंत आपण काय करू शकतो? वस्तू विकत घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारतो, तसं "याचे पार्ट मिळतात का, किती वर्षं मिळतील?" हेही विचारू शकतो. आणि घरातली एखादी बंद पडलेली वस्तू टाकण्याआधी एकदा उघडून तिच्यातले आकडे वाचू शकतो.

दुकानात जाताना काय न्याल?

- मॉडेल आणि सिरीयल नंबरच्या पट्टीचा स्पष्ट फोटो.
- काढलेला जुना पार्ट, पुसून स्वच्छ केलेला.
- व्यास, जाडी, दात्यांची संख्या. प्रत्येक माप तीनदा, तीन ठिकाणी घेतलेलं.
- बेअरिंग, सील, साखळी, पट्टा यांवरचे सगळे आकडे आणि अक्षरं.
- मॅन्युअलमधलं त्या भागाचं पान.
- आणि भरपूर वेळ. घाईत असलेल्या गिऱ्हाइकाला स्वस्त काही मिळत नाही!